लाइपझिगमध्ये वरणभात कसा जमवावा

वयाच्या अडतिसाव्या वर्षापर्यंत वरणभाताला सामान लागतं हे माझ्या गावीच नव्हतं. डाळ-तांदूळ कुकरला लावायचे, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद. मग बायकोला जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये संशोधनाचं काम मिळालं, मी नाशिकची बँकेतली नोकरी सोडून तिच्यासोबत आलो आणि स्वयंपाकघराचा ताबा माझ्याकडे आला. पहिल्याच नोव्हेंबरात ती तापाने आडवी झाली. साडेचारला बाहेर काळोख. पांघरुणातून म्हणाली, "मऊ भात, वरण, वर तूप. बाकी काही नको." अर्ध्या तासात येतो म्हणून मी पिशवी घेऊन निघालो. तो वरणभात तिच्या ताटात पडायला चौदा महिने लागले.

(ताप चौथ्या दिवशी उतरला होता. काळजी नसावी.)

चौदा महिने लागायचं कारण असं की मी तूरडाळीच्या मागे लागलो होतो आणि अडलं होतं भलतीकडेच. तुम्ही नवीन आला असाल तर तुमचे बारा-तेरा महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. आधी कागद घ्या आणि पदार्थ सुटा करा: डाळ, तांदूळ, तूप, हिंग, हळद, मीठ, लिंबू. मग स्वतःला विचारा, यातलं काय बदललं तर घरच्यांना लगेच कळेल? मी न विचारताच 'डाळ' असं उत्तर धरून चाललो.

डाळ

पहिली ठेच शब्दकोशात लागते. फोनवर 'डाळ' टाकलं की 'लिन्झन' येतं. लिन्झन म्हणजे मसूर. आपण तूर, मूग, हरभरा, उडीद काहीही भरडून सोललं की त्याला डाळ म्हणतो. जर्मन भाषेत असा सरसकट शब्द नाही, प्रत्येक कडधान्याला आपलं वेगळं नाव. वाटाणा एर्प्सन, हरभरा किशरएर्प्सन, मूग मुंगबोनन आणि आपली तूर श्ट्राउखएर्प्सन, म्हणजे झुडपावरचे वाटाणे. हा शेवटचा शब्द दुकानातल्या पोरांनाही माहीत नसतो. त्यामुळे फोनवर शोधताना सरळ वनस्पतिशास्त्रातलं नाव टाका. तुरीचं कजानस कजान, मुगाचं विग्ना रेडिएटा. त्या नावाने चित्र बरोबर येतं आणि चित्र कुठल्याही दुकानात दाखवता येतं.

नेहमीच्या सुपरमार्केटात, रेवे असो, एडेका असो की लिडल, 'रोटे लिन्झन' हमखास मिळते. ती आपली मसूरडाळ. डीएम आणि रोसमानमध्येही मिळते, आणि हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, कारण ही दुकानं साबण, शांपू, टूथपेस्टची. मी तिथून वर्षभर हँडवॉश आणत होतो आणि मागच्याच रांगेत मसूरडाळ न् बेसन बसलेलं होतं.

त्याच रांगेत 'राइसफ्लोकन' नावाचं पाकीट दिसेल. तांदळाचे चपटे पापुद्रे, बघताक्षणी वाटतं पोहे. नाहीत. ते तान्ह्या बाळाच्या खिमटीचं सामान आहे. पाणी लागलं की चाळणीतच त्यांची पेज होते. मी कांदा चिरून, फोडणी करून बसलो होतो, एवढंच सांगतो.

पुढचा मुक्काम तुर्की आणि अरबी दुकानं. लाइपझिगमध्ये स्टेशनच्या पूर्वेला आयझेनबानश्ट्रासेवर त्यांची रांगच आहे. पश्चिम जर्मनीने १९६१मध्ये तुर्कस्तानाशी कामगारभरतीचा करार केला, तेव्हापासून तिकडच्या शहरांमध्ये अशी दुकानं मुरली. पूर्वेकडच्या आमच्या शहरात ही दुकानं बर्लिनची भिंत पडल्यानंतर आली. इथे कडधान्यं किलोच्या पिशव्यांत असतात, कोथिंबिरीच्या जुड्या चांगल्या दांडग्या मिळतात आणि इथेच मी फसलो. 'सारी मेर्जिमेक' लिहिलेली, छान पिवळी, सोललेली डाळ. तूरच! दोन किलो घेतली. घरी शिजवली तर दहा मिनिटांत तिचं पिठलं झालं, आणि चवीला गोडसर, मिळमिळीत. सारी मेर्जिमेक म्हणजे पिवळी मसूर. नाव पाकिटावर स्पष्ट लिहिलेलं होतं, वाचता मला येत नव्हतं.

पाकीट पारदर्शक असेल तर आता मी असं ओळखतो. तुरीची डाळ एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने फुगीर, रंग किंचित मातकट पिवळा, कडेला कुठेकुठे सालीचा तपकिरी ठिपका राहिलेला. पिवळी मसूर पातळ आणि लहान, रंग एकसारखा उजळ. 'गेल्बे शेलएर्प्सन' नावाने मिळते ती वाटाण्याची डाळ, फिकी आणि तिघींत सगळ्यांत गोल. वाटाण्याची डाळ वरणात एकदा घालून बघितली. पोटाने रात्रभर भाषण केलं.

तूर मिळाली नाही म्हणून अडून बसू नका, मूग आहे. आजारी माणसाला आपल्याकडे मुगाचंच वरण देतात. मुगाची सोललेली डाळ आशियाई दुकानात, म्हणजे आमच्याकडे बहुतेक व्हिएतनामी माणसाच्या दुकानात, मिळते. पूर्व जर्मनीने १९८०मध्ये व्हिएतनामशी कामगारांचा करार केला होता. त्या लोकांपैकी पुष्कळजण इथेच राहिले, त्यामुळे आमच्या भागात भारतीय दुकान सापडायच्या आधी व्हिएतनामी दुकान सापडतं. ते लोक मूगडाळ चिकट भातात आणि गोडाच्या सारणात घालतात. तिथल्या मावशींना मी फोनवर मुगाचं चित्र दाखवलं, तर त्यांनी दोन पाकिटं काढून दिली आणि जर्मनमध्ये विचारलं, खीर करणार का? मी मान हलवली. वरण समजावून सांगण्याइतकं जर्मन तेव्हा येत नव्हतं. आजही शंका आहे.

खरी तूरडाळ भारतीय किराणा दुकानात मिळते, ऑनलाइनही मिळते. घेताना 'ऑइली' की 'प्लेन' ते बघा. ऑइली म्हणजे टिकण्यासाठी एरंडेल चोळलेली. ती कोमट पाण्यात चार-पाच वेळा, पाण्यावरचा तवंग जाईपर्यंत धुवावी लागते. आणि शेल्फच्या किमतीच्या चिठ्ठीवर कोपऱ्यात बारीक अक्षरात किलोमागचा भाव असतो, तो छापणं इथे कायद्याने बंधनकारक आहे. अर्ध्या किलोचं पाकीट स्वस्त दिसतं आणि चिठ्ठी वाचली की कळतं, दोन किलोची पिशवी बरीच परवडते.

तर तिसऱ्या महिन्यात तूर घरात आली. मी विजयी मुद्रेने वरण वाढलं. बायको म्हणाली, "छान झालंय." लग्नाला दहा वर्षं झालीत. या 'छान'चा अर्थ मला कळतो.

जिऱ्याचं एक कुटुंब

थोडं आडवळणाने सांगतो. उरलेल्या वरणाला दुसऱ्या दिवशी फोडणी द्यायची होती. मसाल्यांच्या रॅकवर 'क्युमल' दिसलं. दाणे जिऱ्यासारखे, जरा काळपट आणि वाकडे. तेलात टाकले आणि घरभर इथल्या राय-ब्रेडच्या बेकरीचा वास सुटला. क्युमल म्हणजे कॅरवे, इथे पावात आणि कोबीत घालतात. आपलं जिरं म्हणजे 'क्रॉइत्सक्युमल'. शेजारीच 'श्वार्त्सक्युमल' असतं, ते कलौंजी. तिघांच्याही नावात क्युमल आणि पाकिटं एकाच रंगाची. तुर्की दुकानात 'किम्योन' मागा, जिरंच मिळतं, आणि मोठ्या पाकिटात. हळद 'कुर्कुमा' नावाने कुठेही मिळते. त्यात फसण्यासारखं काही नाही.

भात

बासमती इथे ढिगाने मिळतो आणि वरणभातासाठी तो चुकीचा आहे. मोकळा, लांब दाणा. वरण त्याच्यावरून वाहून ताटाच्या कडेला जातं. आपल्याला हवा कालवला की एकजीव होणारा मऊ भात. घरी इंद्रायणी किंवा आंबेमोहर असायचा. भारतीय दुकानात फार तर सोना मसुरी मिळायची, ती बरी, पण तिला चिकटपणा नाही. 'कोखबॉयटल' म्हणून प्लास्टिकच्या छिद्राच्या पिशवीत घालून उकळायचा तांदूळ मिळतो, त्याच्या वाटेला जाऊ नका. तो बहुधा उकडा असतो आणि शिजल्यावरही एकेक दाणा स्वतंत्र बाण्याने उभा राहतो.

उत्तर अगदी साध्या ठिकाणी होतं. 'मिल्शराइस.' नाव दुधाचा भात, त्यामुळे आत दूध-साखर असेल या समजुतीने मी कित्येक महिने त्याच्यासमोरून गेलो. शीतकपाटातल्या छोट्या डब्यांत त्याच नावाची तयार खीर मिळते, ती वेगळी. मी म्हणतोय ते पिठा-साखरेच्या रांगेतलं अर्ध्या किलोचं पाकीट. पाठीमागे 'त्सुटाटन' म्हणजे घटक लिहिलेले असतात, वजनाच्या उतरत्या क्रमाने. तिथे एकच शब्द सापडला: रुंडकोर्न, म्हणजे गोल दाण्याचा, तांदूळ. बस. नुसता तांदूळ, तोही रॅकवरचा सगळ्यांत स्वस्त.

एक वाटी मिल्शराइस दोनदा धुवा, पाऊण तास भिजवा, तीन वाट्या पाणी, चिमूटभर मीठ. उकळी आली की झाकण ठेवून अगदी मंद आचेवर वीस मिनिटं, मग दहा मिनिटं झाकूनच ठेवा. वाटीत दाबून मूद पाडली की मूद उभी राहते. आंबेमोहराचा वास नाही, हे खरं. पण पोत आहे.

एका शनिवारी मिल्शराइसची सहा पाकिटं घेऊन जिना चढत होतो, तेव्हा खालच्या मजल्यावरच्या आजींनी अडवलं. त्यांनी हे पाकीट आयुष्यभर दालचिनी-साखर घालूनच खाल्लेलं. आमच्याकडे लहान मुलं आहेत का, असं विचारलं. मी म्हटलं, नाही, आम्ही हा मिठाचा खातो, डाळीबरोबर. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा पिशवीकडे पाहिलं आणि फार सौजन्याने म्हणाल्या, "आखझो." जर्मन माणूस 'अस्सं होय' म्हणतो तेव्हा त्यात बरंच काही न बोललेलं असतं. या आजींकडे पुन्हा यायचंय.

शिट्टी नसलेला कुकर

इथला 'श्नेलकोखटॉप्फ' शिट्टी देत नाही. हे कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी मी तीन शिट्ट्यांची वाट बघत उभा राहिलो. वीस मिनिटांनी वास आला, डाळ तळाला लागून काळी.

त्याच्या झाकणावर एक छोटी दांडी असते. आत दाब वाढला की ती वर येते आणि तिच्यावरच्या रेघा दिसतात, बहुतेक दोन. पहिली भाजीसाठी, दुसरी कडधान्यांसाठी. दुसरी रेघ दिसली की आच कमी करा आणि घड्याळ लावा. अर्धा तास भिजवलेल्या तुरीला माझ्याकडे बारा मिनिटं लागतात, मुगाला सहा. मग भांडं शेगडीवरून बाजूला काढून ठेवा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, काचेची शेगडी बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते.

डाळ तरीही टचटचीत राहत असेल तर दोन कारणं असू शकतात. एक, डाळ जुनी आहे. दोन, पाणी जड आहे. आमच्या किटलीत महिन्याभरात पांढरा थर बसतो, त्यावरून ओळखा. पाण्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशींना बांधून ठेवणाऱ्या पेक्टिनला धरून बसतं आणि दाणा फुटत नाही. पाव चमच्याहूनही कमी 'नाट्रोन' घाला. ते खायच्या सोड्याचं नाव. 'बाकपुल्वर' घेऊ नका, ती बेकिंग पावडर, तिच्यात आम्लही असतं. सोडा जास्त झाला तर वरणाला साबणाची चव येते.

शिजलेली डाळ गरम असतानाच घोटा. रवी नसेल तर अंडं फेटायचा व्हिस्क चालतो. घोटलेल्या वरणात मीठ, हळद, हिंग आणि एक उकळी. आमच्याकडे सुपारीएवढा गूळ घालतात, तुमच्याकडे नसतील घालत तर घालू नका, त्यावर वाद नको.

हिंग आणलं नसेल तर सुपरमार्केटात शोधत बसू नका, भारतीय दुकानातच जा. जर्मनमध्ये त्याला आझांट म्हणतात. दुसरं प्रचलित नाव 'टॉयफेल्सड्रेक', सैतानाची घाण. एवढा अपमान करूनही डबी महागच. आपल्या बांधानी हिंगात गव्हाचं पीठ असू शकतं, ज्यांना गहू चालत नाही त्यांनी लेबल वाचावं. इथल्या नियमाने गहू बाकीच्या घटकांतून उठून दिसेल असा छापावा लागतो.

तूप

आता मुद्द्याचं. तूर आली, मऊ भात जमला, कुकर कळला, तरी ताटासमोरचं 'छान झालंय' काही जाईना. एक वर्ष उलटल्यावर मी चिडून विचारलं, "नक्की काय कमी आहे ते तरी सांग." तिने विचार केला आणि म्हणाली, "वास. वरणभात यायच्या आधी वास येतो ना, तो येत नाही."

तोवर मी तुपासाठी काय काय केलं होतं ते सांगतो. सगळ्यांत आधी 'श्माल्त्स' आणलं. पांढरं, घट्ट, तुपासारखं. डबा उघडल्यावर वास वेगळा आला, तेव्हा भाषांतर केलं. श्माल्त्स म्हणजे चरबी, आणि नुसतं श्माल्त्स लिहिलं असेल तर ती बहुधा डुकराची. डबा तसाच खालच्या आजींना दिला. त्यांनी तो आनंदाने पावाला लावून संपवला. शाकाहारी मंडळींनी हा एक शब्द पाठच करावा.

मग 'बुटरश्माल्त्स'. हे मात्र लोण्याचंच आणि सगळीकडे मिळतं. तळायला उत्तम. पण त्याला वास नाही, कारण ते कढवलेलं नसतं. लोणी वितळवून त्यातलं पाणी आणि दुधाचा अंश यंत्राने वेगळा काढतात. तळाशी बेरी लालसर होण्याचा प्रकारच नाही, मग खमंगपणा येणार कुठून? 'घी' लिहिलेल्या बरण्याही आता बऱ्याच दुकानांत दिसतात. महाग, आणि मी आणली तिचा वास घरच्या तुपाच्या जवळपासही नव्हता.

मग बटर आणून मीच कढवायला लागलो. बरंच सुधारलं, पण तो वास नाही. एका दुपारी तूप कढत असताना आजी पत्र द्यायला वर आल्या. त्यांच्या पत्रपेटीत आमचं पाकीट पडलं होतं. दारातच थांबल्या, नाक वर केलं आणि म्हणाल्या, "नुसबुटर!" म्हणजे बदामी होईपर्यंत तापवलेलं लोणी. त्या ते फ्लॉवरवर ओततात. माझ्या ओट्यावरचं बटरचं वेष्टन त्यांनी उचललं, चष्मा वर करून वाचलं आणि ठेवून दिलं. "झ्यूसराम," म्हणाल्या. "याला चव नसते. माझी आई नेहमी झाउअरराम घ्यायची."

तेव्हा ट्यूब पेटली. आईच्या हातचं तूप साय साठवून, विरजण लावून, घुसळून केलेल्या लोण्याचं. लोणी आंबट सायीचं. आणि मी वर्षभर गोड सायीचं बटर कढवत होतो.

इथल्या बटरच्या वेष्टनावर तीनपैकी एक शब्द असतो. 'झ्यूसराम-बुटर' गोड सायीचं. 'झाउअरराम-बुटर' विरजण लावून आंबवलेल्या सायीचं. आणि 'मिल्ट गेझॉयअर्ट' मधलं, म्हणजे गोड सायीचं लोणी काढून त्यात नंतर आंबटपणा आणलेलं. तिसरं सगळीकडे मिळतं आणि चालतं. दुसरं शोधावं लागतं, पण सापडलं तर चार पाकिटं घ्या, फ्रीझरमध्ये राहतं. मिठाचं घेऊ नका. भावावर लक्ष ठेवा, बटरचे भाव इथे फार वरखाली होतात. २०२४च्या अखेरीस दुकानाच्या घरच्या ब्रँडचं २५० ग्रॅमचं साधं बटरही सव्वादोन युरोंच्या वर गेलं होतं, आणि सवलतीच्या आठवड्यात तेच बरंच खाली येतं.

कृती. २५० ग्रॅमची दोन पाकिटं जाड बुडाच्या पातेल्यात, मंद आचेवर. यात स्निग्धांश ८२ टक्के असतो, म्हणजे अर्ध्या किलोतून साधारण चारशे ग्रॅम तूप निघतं. आधी फेस येईल, मग आतलं पाणी कडकडायला लागेल. मी पहिल्यांदा झाउअरराम कढवलं तेव्हा आईला व्हिडिओवर घेतलं होतं. तिला म्हटलं, "बघ ना, झालं का?"

"अरे, दिसून काय कळतंय? फोन पातेल्याजवळ ने. आवाज ऐकू दे."

मी फोन वाफेपासून वाचवत धरून उभा. तिकडे नाशिकला ती डोळे मिटून ऐकतेय. "अजून कडकडतंय. थांब." दोन मिनिटं. "अजून थांब." मग कडकड हळूहळू बारीक झाली, भिजल्या कागदावर पाऊस पडावा तशी, आणि एकदम शांत. वरचा फेस दुसऱ्यांदा, बारीक बुडबुड्यांचा, वर आला. "आता काढ! आता काढ, नाहीतर बेरी जळेल." मी पातेलं थंड ओट्यावर ठेवलं. कुकरने शिट्टी नाकारली होती, ती कसर तुपाने भरून काढली.

गाळताना तळाची बेरी विटकरी रंगाची हवी. काळी झाली तर तूप कडसर लागतं. बरणीत ओतून झाकण न लावता खोलीतच निवू द्या, फ्रिजमध्ये घाई केली तर रवाळ होत नाही.

झाउअरराम अजिबात मिळत नसेल आणि तुम्हाला हौस असेल, तर लोणीही घरी होतं. 'श्लागझाने', म्हणजे किमान ३० टक्के स्निग्धांशाची साय, २०० ग्रॅमचे चार डबे घ्या. घटकांत 'कारागेन' नसलेले बघून घ्या, तो साय धरून ठेवतो आणि लोणी लवकर सुटत नाही. त्यात दोन मोठे चमचे ताजं 'बुटरमिल्श' घाला, ते आपल्या ताकाच्या जातीचं. त्याच्यावर 'वेर्मेबेहांडेल्ट' लिहिलं असेल तर ते पुन्हा तापवलेलं असतं, विरजण मेलेलं, उपयोग नाही. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवा. थंडीची भीती नको, या ताकातलं विरजण वीस-बावीस अंशांत मजेत काम करतं. इथलं 'योगुर्ट मिल्ट' मात्र विरजणाला वापरू नका. नावातच सौम्य आहे, आंबटपणा कमी यावा म्हणून त्यात योगुर्टच्या नेहमीच्या जिवाणूंपैकी एकाच्या जागी दुसरा घालतात. सकाळी साय फ्रिजमध्ये तासभर गार करा आणि हँडमिक्सरने फिरवा. फेटलेली साय होईल, मग फाटल्यासारखी दिसेल, आणि मग एका क्षणी लोणी आणि ताक वेगळं होऊन ताक भिंतीवर उडेल. पातेलं खोल घ्या.

'एवढं करण्यापेक्षा आईकडूनच तूप मागवू' असा विचार मीही केला होता. ती येणार होती आणि दोन किलोची बरणी तयार होती. ती थांबवावी लागली. युरोपियन युनियनबाहेरून येताना सामानात दूध आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे, त्यात तूप आलं. विमानतळावर कस्टमने पकडलं तर डोळ्यांसमोर फेकून देतात, आणि आई ते बघू शकली नसती. ताज्या भाज्या, पानं, फळांनाही पीक-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढीच सुटतात. त्यामुळे कढीपत्त्याची जुडी पदराखाली लपवून आणायच्या भानगडीत पडू नका. तिने मग मेतकूट, हिंग, गोडा मसाला आणि थालीपिठाची भाजणी आणली. तूप माझ्या हातचं खाल्लं. "मीठ कमी आहे वरणात," एवढंच म्हणाली. तुपाबद्दल काही बोलली नाही, म्हणजे पास.

लिंबू राहिलं. पिवळं मोठं 'त्सिट्रोने' चालतं, पण हिरवं 'लिमेटे' आपल्या लिंबाच्या जास्त जवळचं. लोणचं घालायचं असेल तर साल खाण्याजोगी आहे ना ते बघा. साध्या त्सिट्रोनेच्या जाळीवर बहुतेक वेळा साल खाऊ नये असं लिहिलेलं असतं.

आणि हे सगळं शनिवारीच आणून ठेवा. रविवारी इथे दुकानं बंद असतात. मोठ्या स्टेशनातली काही उघडी मिळतात, पण तिथे तूरडाळ कोण ठेवतंय!

तूप गाळून झालं की पातेलं घासायला टाकू नका. तळाला बेरी आणि चमचाभर तूप चिकटलेलं असतं. त्यात तीन-चार घास गरम मिल्शराइस, चिमूटभर मीठ घालून पातेल्यातच कालवा आणि उभ्या उभ्या खा. मी पहिल्यांदा ते करत होतो तेव्हा बायको आतल्या खोलीतून मीटिंग अर्धवट सोडून आली, कानातला हेडफोन तसाच. "हा वास," एवढं म्हणाली आणि माझ्या हातातला चमचा घेतला.